मन उतरलंय? बायकांनी काय करायचं, पुरुषांनी काय करायचं

आपल्या इंदूरात रामबाग घ्या की सुदामा नगर, घरोघरी हेच दिसतं. बाईचं मन उतरलं की ती तेच तेच उगाळत बसते, सासूबाई असं का बोलल्या, माझंच काही चुकलं का, मग बहिणीला फोन आणि परत तेच. पुरुष गप्प होतो, चिडतो, रात्री उशिरापर्यंत दुकानातच थांबतो नाहीतर मित्रांबरोबर ‘बसायला’ जातो. सगळेच असे नसतात, पण अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की बायका उगाळत बसतात आणि पुरुष लक्ष दुसरीकडे वळवतात, आणि उगाळण्याने उदासी लांबते हेही.

तर ताई, बहिणीशी बोला, जरूर बोला, पण एकदा सगळं सांगून झालं की ‘मग उद्या काय करायचं’ यावर या. आणि बोलणं संपलं की उठा. मेघदूत गार्डनला एक चक्कर मारा, इच्छा नसली तरी, कारण मूड आला की करू म्हटलं तर तो येतच नाही, आधी करायचं, मूड मागून येतो.

दादा, लक्ष दुसरीकडे वळवणं वाईट नाही, क्रिकेट खेळा, बाइक धुवा, पण दारू नको. तिने तासभर बरं वाटतं, झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. एका तरी माणसाला सांगा. घरच्यांनीही समोर बसवून ‘काय झालं, बोल ना’ असं खोदू नये, सोबत चालताना किंवा गाडीवर मागे बसून विचारलं की पुरुष जास्त मोकळे होतात असं मला वाटतं. त्याच्या चिडण्यामागे उदासी असू शकते, हे तर फार कमी घरांत कुणाच्या लक्षात येतं.

दोन आठवडे रोज असंच चाललं, झोप-भूक बिघडली, कशातच मन लागेना तर डॉक्टरकडे जाच, थायरॉइड आणि बी-१२ पण तपासून घ्या. एमवाय या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ‘जगावंसं वाटत नाही’ असं कुणी म्हटलं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गोळ्या दिल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.