वजन उतरवणं कुठे थांबवायचं?

काट्यावरचा ६० किंवा ५५ असा गोल आकडा हे थांबायचं ठिकाण नव्हे. टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय शरीरासाठी पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत आली, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३च्या खाली उतरला, साखर आणि रक्तदाब ठीक असला, तर आणखी दोन किलोंच्या मागे लागू नका. बीएमआय १८.५च्या खाली तर नकोच. मूठमूठ केस गळणं, मे महिन्यातही थंडी वाजणं, पाळी चुकणं यांतलं काही दिसलं, तर आकडा कितीही असो, लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

आता जेवण हळूहळू वाढवायचं. पहिल्या आठवड्यात रोज शंभरेक कॅलरी पुरे: दुपारी हुमणाबरोबर, म्हणजे माशांच्या आमटीबरोबर, उकड्या तांदळाचा भात अर्धी वाटी जास्त. पुढच्या आठवड्यात सकाळच्या पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) एक उंडो, म्हणजे गोल पाव. काटा लगेच किलोभर वर जाईल. ती चरबी नव्हे, शरीरात पुन्हा साठलेलं ग्लायकोजेन (राखीव साखर) आणि त्याच्यासोबतचं पाणी. इथेच बरेचजण घाबरून परत उपाशी राहायला लागतात. कृपा करून तसं करू नका. दोन-तीन आठवडे वजन एका जागी राहिलं, की तेवढंच जेवण चालू ठेवा.

चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खा, पण दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नका, आठवड्याने बघा. दोन किलोंहून जास्त वाढ पंधरा दिवस टिकली, तरच ती अर्धी वाटी कमी करा.