रीसेटनंतर अडकणारी आय-टू-सी बस
प्रोसेसर रीसेट केला की कधीकधी आय-टू-सी बसवरची (चिप्सना जोडणारी दोन तारांची लाइन) व्हिडिओ डीकोडर चिप उत्तरच देईना, स्क्रीन काळी. पॉवर बंद-चालू केली की सगळं सुरळीत. ऑसिलोस्कोप लावल्यावर उलगडा झाला: क्लॉकची तार एससीएल हाय, पण डेटाची तार एसडीए लो वर खिळलेली. चिपचं रजिस्टर वाचताना मध्येच रीसेट आला, तर चिप आपला 0 बिट धरून, म्हणजे एसडीए लो ठेवून, पुढच्या क्लॉकची वाट बघत राहते. प्रोसेसर रीसेट झाल्याचं तिला कळतच नाही. (आमच्या बोर्डावर चिपची रीसेट पिन प्रोसेसरला जोडलेली नाही. ती जोडलेली हवीच, हे माझं ठाम मत.)

आता बूट होताना आधी एससीएलची पिन ओपन-ड्रेन जीपीआयओ (सॉफ्टवेअरने थेट हलवता येणारी, तार फक्त लो कडे ओढणारी पिन) करतो, एसडीए सुटेपर्यंत जास्तीत जास्त 9 क्लॉक देतो, मग स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण). आय-टू-सी ड्रायव्हर त्यानंतरच सुरू होतो. तेव्हापासून बस अडकलेली नाही.