कृष्णधवल फिल्मचा ग्रेन: गोव्याच्या उजेडात आणि उकाड्यात

ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारा फिल्मचा दाणा, पारखायचा असेल तर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या उघड्या चिऱ्यांचा फोटो घेऊन बसू नका. चिरा मुळातच खडबडीत, फिल्मचा दाणा त्यात बेमालूम लपतो. त्याच रिळावरची मिरामार किनाऱ्याची पावसाळी फ्रेम बघा. सपाट करडं आभाळ, खाली तसंच करडं पाणी. ग्रेन दिसतो तो तिथे.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये (फिल्म धुण्याच्या पहिल्या रसायनात) धातुरूप चांदी होते. सुटा कण प्रिंटवर डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते थरात एकावर एक आलेल्या कणांचे पुंजके आणि त्यांच्यामधल्या फटी. निगेटिव्हमधली फट प्रिंटवर काळी उमटते, म्हणजे प्रिंटवरचे काळे ठिपके हे चांदीचे कण नव्हेत, मोकळ्या जागा आहेत. पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण काळ्या भागात हा फरक हरवतो, मधल्या करड्यात उठून दिसतो. म्हणूनच डिसेंबरच्या निळ्या आभाळावर लाल फिल्टर लावला, की आभाळ करड्यात उतरतं आणि ग्रेनही वर येतो. दोष फिल्मचा नसतो.

फिल्म निवडताना स्पीड (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) आणि फॉरमॅट (फ्रेमचा आकार) दोन्ही बघा. एचपी५ प्लस, ट्राय-एक्स या ४०० स्पीडच्या फिल्मचा ग्रेन ठळक. एफपी४ प्लसचा (१२५) बारीक. टी-मॅक्स १०० आणि डेल्टा १०० यांचे स्फटिक चपटे, त्यामुळे त्यांचा त्याहून बारीक. पण ३५ मिमीची फ्रेम १२ इंच रुंद करायला सुमारे साडेआठ पट मोठी करावी लागते, ६×६ सेंमीची फक्त साडेपाच पट. ग्रेन नकोच असेल तर डेव्हलपर बदलण्यापेक्षा मोठा फॉरमॅट जास्त फरक पाडतो.

एक्स्पोजरमध्ये बहुतेकांची गफलत होते. मंगेशीची पांढरी दीपमाळ भर उन्हात मीटर सांगेल तशी टिपली, तर मीटर पांढऱ्यालाही करडं धरतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे कमी चांदीचं, येतं. असं निगेटिव्ह ४ किंवा ५ ग्रेडच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर ओढूनताणून छापावं लागतं, आणि कॉन्ट्रास्ट वाढला की ग्रेनही वाढतो. अशा पांढऱ्या विषयाला मीटरपेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). उलट, ‘थोडं जास्त दिलेलं बरं’ हा रंगीत निगेटिव्हचा नियम इथे बेताने पाळा: चांदीच्या फिल्मवर घनता वाढली की दाणाही वाढतो.

आता डेव्हलपर. आयडी-११ किंवा डी-७६ मध्ये लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून मूळ (पाणी न घातलेल्या) द्रावणात दाणा मऊ येतो. १+१ केलं (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) की हा परिणाम कमी होतो, दाणा थोडा ठळक आणि चित्रातल्या कडा जास्त रेखीव होतात. १८९१ पासून चालत आलेलं रोडिनल जवळपास काहीच विरघळवत नाही. ४०० च्या फिल्मला ते वापरलं तर ग्रेन येणारच. तो हवा असेल तर बेलाशक वापरा, १+५० मध्ये एचपी५ ला २० अंशांवर ११ मिनिटं.

एचपी५ प्लसला आयडी-११ मध्ये २० अंशांवर मूळ द्रावणात साडेसात मिनिटं लागतात, १+१ मध्ये १३. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांच्या घरात असतं. त्यात २० अंशांची वेळ पाळली तर फिल्म जादा डेव्हलप होते आणि आभाळात खरबरीत ग्रेन येतो. २० अंशांच्या मागे न लागता २४ गाठा. ३० अंशांचं ७५० मिली पाणी आणि फ्रिजमधलं ५ अंशांचं २५० मिली, मिळून सुमारे २४ अंश होतात. या पाण्यात डेव्हलपर १+१ करा (डेव्हलपरची बाटलीही आधी २४ ला आणा) आणि ९ मिनिटं द्या. पहिल्या १० सेकंदांत टँक (फिल्म डेव्हलप करायचा बंद डबा) ४ वेळा उलटासुलटा करा, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. जास्त हलवल्याने कॉन्ट्रास्ट चढतो.

स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (उरलेले स्फटिक काढणारं) आणि धुण्याचं पाणीही २४ च्या एक-दोन अंशांत ठेवा. एकदम गरम पाणी लागलं तर फुगलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात. नळ सोडून धुवायची गरज नाही: टँक भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. फिक्सर हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला असेल तर एवढं पुरतं.

फ्रिजमधली फिल्म डबी न उघडता दोन तास बाहेर ठेवा, नाहीतर दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या रिळावर धुकट थर चढतो आणि ग्रेन बिघडतो. त्याला उपाय नाही.

स्कॅनमध्ये दिसतं ते सगळं ग्रेन नसतं. स्कॅनरचं शार्पनिंग बंद करा आणि तीच फ्रेम दोनदा स्कॅन करा. दोन्हींत त्याच जागी राहिलेले ठिपके फिल्मचे, जागा बदललेले स्कॅनरचे. पातळ निगेटिव्हच्या सावल्या उजळताना हे दुसरे ठिपके हमखास वर येतात. धूळ काढणारं डिजिटल आइस मात्र बंदच ठेवा. त्याचे इन्फ्रारेड किरण धुळीसारखे चांदीलाही अडतात, म्हणून ते ग्रेनसकट तपशीलही पुसतं.