दोन विभाग, दोन गाइड, एक क्लस्टर: संगणकीय पीएचडीला बसण्याआधी

लॅपटॉप, मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट फोटो, बँकेचं पासबुक. पुढे जाऊ. लिनक्स येत नसेल तर पहिले पंधरा दिवस दुसरं काही करू नका, टर्मिनलमध्येच, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतच, राहा. पायथन थोडंफार सगळ्यांना येतं. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, येत नाही, आणि "लागेल तेव्हा शिकू" म्हणून ते मागे पडतं. आधी शिका. ही यादी मी मुळात एकाच गोष्टीसाठी लिहितोय: प्रत्येक रनची, म्हणजे प्रोग्राम दर वेळी चालवल्याची, नोंद. माझी मागच्या वेळी नेमकी तीच राहिली. समीक्षकाने एका आलेखाबद्दल साधा प्रश्न विचारला आणि तो आलेख कोणत्या स्क्रिप्टच्या कोणत्या रूपातून आला, हे मला सांगता येईना. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

कॉम्प्युटेशनल बायोलॉजी, केमिस्ट्री, हवामान, काहीही घ्या, एक गाइड विषयाचा आणि एक गणित किंवा संगणकाचा असणार. दोघांना एकदा एका खोलीत बसवा. टेबल कुठल्या लॅबमध्ये, कॉन्फरन्सचा खर्च कोणाच्या प्रोजेक्टमधून, पेपरवर नावांचा क्रम कसा ठरणार, हे विचारा. विचारायला ओशाळं वाटतं, तरी विचारा, आणि त्याच संध्याकाळी "आज ठरलं ते असं" अशी मेल दोघांना टाका. तोंडी ठरलेलं तिसऱ्या वर्षी कोणालाच आठवत नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा कोर्स त्याआधीपासूनच सक्तीचा आहे. संगणकवाले म्हणतील न्यूमरिकल लिनियर अल्जेब्रा घे, रसायनवाले म्हणतील स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स घे. दोन्ही घ्या, कारण नंतर वेळ मिळत नाही. पण क्रेडिट कुठे धरले जातात ते ऑफिसात आधी विचारून ठेवा. शाखा कितीही जोडल्या तरी हजेरीचा फॉर्म एकाच विभागाचा असतो.

एककं. यावर जरा थांबतो, कारण दोन शाखांच्या सीमेवर पहिला अपघात इथेच होतो. रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर अंतर नॅनोमीटरमध्ये आणि ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये देतं. त्याच कामाची अँबर आणि नॅमड ही सॉफ्टवेअर वापरणारी मंडळी अँगस्ट्रॉम आणि किलोकॅलरीत बोलतात. एक किलोकॅलरी म्हणजे 4.184 किलोज्यूल. चार पटींची चूक डोळ्याला खुपते असं वाटतं ना? बंध-ऊर्जेच्या आकड्यात खुपत नाही, कारण दोन्ही आकडे "बरोबरच असतील" असे दिसतात. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच जातीच्या घोळात गेलं: एका बाजूने पाउंड-सेकंद दिले, दुसऱ्या बाजूने न्यूटन-सेकंद समजून घेतले. फाईलमधल्या स्तंभाच्या नावातच एकक लिहा. डोक्यात ठेवू नका.

पुण्यात असाल तर एक फायदा फुकट आहे. पाषाण भागात एनसीएल (रसायन), आयसर (मूलभूत विज्ञान), आयआयटीएम (हवामान) आणि सी-डॅक (संगणन) हाकेच्या अंतरावर आहेत, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्र). आठवड्यातून एक तरी सेमिनार आपल्या विषयाबाहेरचा ऐका. अर्धा डोक्यावरून जाईल. जाऊ दे.

आता क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले अनेक संगणक (एकेकाला नोड म्हणतात). आयसरमधलं परम ब्रह्म असो की दुसरी कुठली यंत्रणा, बहुतेक ठिकाणी कामांची रांग स्लर्म नावाचं सॉफ्टवेअरच सांभाळतं. लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे आत शिरतात त्या संगणकावर, काम चालवू नका. सगळ्यांचं टर्मिनल अडकतं, आणि ॲडमिनची मेल येते ती गाइडला सीसी करून. वॉलटाइम, म्हणजे कामासाठी मागायचा वेळ, अंदाजाने टाकू नका. आधी छोटा रन, मग त्याच्या हिशोबाने मोठा. नोड दुप्पट केले म्हणून वेळ निम्मा होत नाही, तेव्हा दोन, चार, आठ नोडवर वेळ मोजा आणि जिथे फायदा आटतो तिथे थांबा. चेकपॉइंट, म्हणजे झालेलं काम अधूनमधून जतन करणं, चालू आहे ना ते बघा. ग्रोमॅक्स आपणहून दर 15 मिनिटांनी लिहितं, तुमचा स्वतःचा कोड लिहीत नाही. स्क्रॅचवर, म्हणजे क्लस्टरच्या तात्पुरत्या जागेत, ठेवलेलं कायमचं नसतं. जुन्या फाईली आपोआप पुसल्या जातात आणि परत मागून मिळत नाहीत.

आणि नोंद. जॉब (क्लस्टरला दिलेलं काम) टाकण्याआधी, नंतर नाही. जॉब स्क्रिप्टमध्येच चार ओळी घाला: तारीख, गिटचा कमिट क्रमांक (कोडच्या जतन केलेल्या रूपाची खूण), लोड केलेल्या मॉड्यूलची (क्लस्टरवरच्या सॉफ्टवेअरची) यादी, पायथनच्या पॅकेजेसची यादी. हे सगळं निकालाच्या फोल्डरमध्येच एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये पडलं पाहिजे, आपोआप. हाताने लिहू म्हणाल तर पहिले तीन दिवस लिहाल. कमिट न केलेले बदल असतील तर स्क्रिप्टने सरळ जॉब नाकारावा. रात्री अकराला ते चिडचिडं वाटतं, असू दे.

"ग्रोमॅक्सची लॉग फाईल असतेच की!" असते. तिच्या सुरुवातीलाच आवृत्ती, कंपायलर, दिलेली आज्ञा सगळं छापलेलं असतं, म्हणून डिस्कचा कोटा भरला की ती पुसायला घेऊ नका. पण आलेख ग्रोमॅक्स काढत नाही. तो काढते तुमची ॲनालिसिस स्क्रिप्ट, जिचं नाव "प्लॉट_फायनल_2_नवीन" असतं आणि जी काहीच छापत नाही. माझी गाडी तिथेच अडली. सिम्युलेशनची नोंद होती, विश्लेषणाची नव्हती. मधल्या काळात लायब्ररी अपडेट झाल्या होत्या आणि मीही सरासरी काढायची खिडकी (किती भागाची सरासरी घ्यायची ते) कधीतरी बदलली होती. कधी, ते देवाला ठाऊक. विश्लेषणाचीसुद्धा नोंद. आलेखाच्या प्रत्येक फाईलशेजारी. परत सांगतो, विश्लेषणाचीसुद्धा.

कोणी म्हणेल, कोड तोच, इनपुट तोच, मग निकाल तोच येणार. नाही येत. संगणकाची बेरीज क्रम बदलला की बदलते. डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे 16 अंकांच्या अचूकतेत) 10 चा 16 वा घात घ्या, त्यात 1 मिळवा, मग तोच घात वजा करा: उत्तर 0. आधी वजा करून मग 1 मिळवा: उत्तर 1. शेकडो प्रोसेसर आपापल्या तुकड्यांची बेरीज कोणत्या क्रमाने जोडतील याची हमी नसते, आणि रेणूंच्या हालचालीत हा कणभर फरक वाढत वाढत पूर्ण वेगळा मार्ग तयार करतो. म्हणून मार्ग जुळवायला जाऊ नका, सरासऱ्या जुळतात का ते बघा. एकाच लांब रनवर विसंबू नका, वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) अनेक रन घ्या, आणि सीड कुठे लिहायचे? नोंदीत.

सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण असतं. समितीत निम्म्यांना प्रोटीन कळत नाही, निम्म्यांना एमपीआय (एक काम अनेक प्रोसेसरवर वाटायची पद्धत). पहिल्या दोन स्लाइडवर प्रश्न सांगा, पद्धत नंतर. प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कमिट क्रमांक टाका. कोणी विचारणार नाही, तुम्हाला लागेल.

पेपर: कोड आणि इनपुट झेनोडो या संशोधन-फाईलींच्या साइटवर टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. परवाना फाईल टाका, नाहीतर कायद्याने कोणाला वापरता येत नाही. सार्वजनिक करण्याआधी गिटच्या जुन्या कमिटमध्ये पासवर्ड राहिलाय का बघा. नुसती फाईल पुसून तो इतिहासातून जात नाही.

प्रबंध: लेटेक (प्रबंध जुळवायचं सॉफ्टवेअर), प्लेजरिझमचा अहवाल, सह्या. सह्यांना वेळ लागतो. दुसरे गाइड बरोबर तेव्हाच परदेशात असतात.

नोकरी: बायोडेटा दोन ठेवा, एक अकॅडमिक, एक कंपनीसाठी. कंपनीच्या बायोडेटात पेपरची यादी छोटी आणि कोडची लिंक वर. मुलाखतीत कोड वाचायला लावतात, स्वतःचा जुना कोड एकदा वाचून जा.

क्लस्टरचं खातं बंद व्हायच्या बरंच आधी डेटा उतरवा, टेराबाइट एका रात्रीत उतरत नाहीत, आणि उतरवताना नोंदीच्या टेक्स्ट फाईली मागे ठेवू नका. संस्थेचा मेल आयडीही जातो. ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक), झेनोडो, गिटहब (गिटचा कोड ठेवायची साइट) तिन्हीकडे खाजगी मेल घाला.