ब्राउझरची प्रायव्हसी किती घट्ट करायची?

सगळी सेटिंग्ज एकदम टाइट करू नका, नाहीतर पेमेंट पेज अडकतं, लॉगिन होत नाही आणि माणूस वैतागून सगळंच बंद करून टाकतो.

फायरफॉक्स असेल तर प्रायव्हसी सेटिंग्जमधे ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट' करा आणि सोबत युब्लॉक ओरिजिन (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरमधे जोडायचं छोटं अॅड-ऑन) टाका, बस, बहुतेकांना एवढं पुरतं. क्रोममधे आता युब्लॉकचं लाइट व्हर्जनच चालतं, ते थोडं कमी ताकदीचं आहे पण काहीच नसण्यापेक्षा बरं. फायरफॉक्समधे एखादी साइट मोडली तर अॅड्रेस बारमधल्या शील्डवर (ढालीच्या चिन्हावर) क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं प्रोटेक्शन बंद करायचं, सगळीकडचं नाही.

कुकीजचं (साइट्स तुमचं लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला ब्राउझरमधे ठेवतात त्या छोट्या नोंदी) म्हणाल तर ब्राउझर बंद करताना सगळ्या उडवा, पण ईमेल वगैरे रोजच्या साइट्स एक्सेप्शनमधे टाका, म्हणजे दर वेळी ओटीपीची कटकट नको. सोशल मीडियासाठी वेगळा कंटेनर (फायरफॉक्समधला वेगळा कप्पा, त्यातल्या कुकीज बाकीच्या टॅबमधे मिसळत नाहीत), नाहीतर सरळ दुसरा ब्राउझरच ठेवा.

फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरच्या बारीकसारीक खुणांवरून तुम्हाला ओळखणं) रोखणारं फायरफॉक्सचं 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' सेटिंग मात्र रोजच्या वापरात नकोच (माझं मत), साइट्सना तुमचा टाइमझोन भारताऐवजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिसतो, कॅलेंडरच्या वेळा चुकतात, कॅप्चा वाढतात. आणि दहा-बारा एक्सटेन्शन्स भरू नका, त्यानेच तुम्ही गर्दीत जास्त उठून दिसता.

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनवरची हिस्ट्री ठेवत नाही, इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते तरीही कळू शकतं.