गिटारवर स्केलवरून नाही, कॉर्डवरून सोलो वाजवायचाय? मग बसण्याआधी एवढी तयारी करा

आधी कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचं, चक्र ठरवा आणि छोटंच ठरवा. ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येक कॉर्ड एक बार, म्हणजे चार बीट, बास. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, लावा आणि हे चक्र स्वतः वाजवून पाचेक मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करा, लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारं यंत्र) असेल तर उत्तमच. तयार बॅकिंग ट्रॅकपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण आपणच वाजवलेलं असलं की कॉर्ड कधी बदलणार ते अंगात बसलेलं असतं. आणि हो, रेकॉर्ड करायच्या आधी गिटार ट्यून करा, मग त्याच ट्यूनिंगवर सोलो वाजवा.

मग कागद घ्या, खरंच घ्या, मनातल्या मनात नको. ए मायनर म्हणजे ए, सी, ई. एफ म्हणजे एफ, ए, सी. सी म्हणजे सी, ई, जी. जी म्हणजे जी, बी, डी. प्रत्येकातल्या मधल्या सुराला गोल करा, तो थर्ड, कॉर्ड मेजर की मायनर हे त्याच्यावरच ठरतं. आता त्याखाली आपण सगळे वाजवतो ती ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांची स्केल, लिहा: ए, सी, डी, ई, जी. यात एफ नाही आणि बी पण नाही. म्हणजे एफ कॉर्डचा रूट (कॉर्डला नाव देणारा सूर) आणि जी कॉर्डचा थर्ड, दोन्ही त्या बॉक्समध्ये, म्हणजे या स्केलच्या बोटांच्या ठरलेल्या चौकटीत, नाहीतच! म्हणून बॉक्समध्ये फिरत राहिलं की चुकत काहीच नाही, कानाला बरंही लागतं, पण खाली एफ आली गेली, जी आली गेली, सोलोला त्याचा पत्ता नसतो. मला हे कळलं त्या दिवसापासून माझं वाजवणं बदललं.

आता हात. एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे ते पूर्ण बार कॉर्ड नकोत, फक्त वरच्या तीन बारीक तारा घ्या, तिसरी, दुसरी, पहिली या क्रमाने. आकडे म्हणजे त्या त्या तारेवरचा फ्रेट: ए मायनर ५-५-५, एफ ५-६-५, सी ५-५-३, जी ४-३-३. ए मायनरवरून एफवर जाताना फक्त दुसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट पुढे सरकतं, बाकी दोन सूर जागच्या जागी. हे हळू वाजवून बघा आणि कुठला सूर हलला, कुठला थांबला ते ऐका, कारण सोलोचं सगळं मटेरियल इथेच पडलंय. मी दोन महिने या तीन तारा सोडून कुठे गेलो नाही आणि ते दोन महिने मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले. शेप वाजवताना प्रत्येक तार वेगळी छेडून तो सूर तोंडाने गा, आवाज कसाही असू दे, जो सूर गाता येतो तो बोटाला लवकर सापडतो.

एवढं झालं की रेकॉर्डिंग लावा आणि पहिल्या फेरीत प्रत्येक बारला एकच सूर, थर्ड, पहिल्या बीटवर आणि चारही बीट धरून ठेवायचा: सी, ए, ई, बी. सम गाठतात तसं, उशीर नाही. कंटाळवाणं वाटेल पण सोडू नका. नंतर जवळात जवळचा सूर शोधा. दुसऱ्याच तारेवर ५, ६, ५, ३ वाजवा, म्हणजे ई, एफ, ई, डी. एका तारेवरचे चार सूर, आणि चारही कॉर्ड त्यात ऐकू येतात. ते जमलं की सुराच्या आधी अर्धा सूर खालून या, उदाहरणार्थ जी येण्याच्या अगदी आधी तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट आणि जी आली की चौथा, बी.

स्केल फेकून द्यायची नाहीये हां, दोन कॉर्ड टोनच्या, म्हणजे कॉर्डमधल्या सुरांच्या, मधली वाट तीच दाखवते, फक्त मुक्काम कुठे करायचा हे कॉर्ड ठरवते. आणि एकच कॉर्ड सोळा बार चालणार असेल तर तीन सुरांवर किती वेळ काढणार, तिथे स्केलच कामाला येते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, शेवटची जी काढून तिथे ई मेजर टाका, ४-५-४. पहिल्या तारेवर चौथा फ्रेट म्हणजे जी शार्प, तो ए मायनरच्या नेहमीच्या स्केलमध्ये नाहीच, त्यामुळे स्केलवाला माणूस तिथे जी वर थांबला की कानाला टोचतं, आणि कॉर्ड बघणारा त्याच जी शार्पवर थांबून पुढच्या बारला ए वर गेला की ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, त्याचं वाजवणं ऐका, एकेरी सुरांची ओळ असते पण खालच्या कॉर्डचे शेप त्यात स्पष्ट जाणवतात.

शेवटची तयारी तपासायची. कानात हेडफोन लावून त्यात रेकॉर्डिंग, आणि दुसऱ्या मोबाईलवर फक्त तुमचा सोलो रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी तो एकटाच ऐका, खाली कॉर्ड नाहीत, काही नाही. एफ कुठे आली ते बोट ठेवून सांगता आलं तर पुढचं चक्र घ्या, नाही आलं तर परत थर्डची फेरी, चार बीट धरून.