झुंबर कसे मागवावे: बंगला, हॉटेल आणि मंगल कार्यालयासाठी

जुळे सोलापुरातला बंगला असो, होटगी रोडवरचे हॉटेल असो की अक्कलकोट रोडचे मंगल कार्यालय, झुंबराची खरेदी बहुतेक वेळा फोटोपासून सुरू होते. मालक मोबाइल पुढे करतो, 'असंच पाहिजे' म्हणतो आणि कुणीतरी ओळखीतून दिल्लीला फोन लावतो. चादर घेताना वीण बोटांनी चाचपणारा, वजन विचारणारा सोलापूरकर लाखा-दोन लाखांचे झुंबर मात्र फोटोवर घेतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

बजेट ठरले आहे आणि आर्किटेक्टचा नकाशा हातात आहे, असे धरून पुढचे सांगतो.

माप

घरासाठी सूत्र सोपे आहे. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन बेरीज करा, तेवढे इंच झुंबराचा व्यास. १२ बाय १६ चा हॉल असेल तर २८ इंच. खालून माणसे चालणार असतील तर खालचे टोक जमिनीपासून निदान ७ फुटांवर, आणि डायनिंग टेबलावर असेल तर टेबलापासून ३० ते ३६ इंच वर. 'मोठंच घ्या, उठून दिसतं' म्हणणाऱ्याचे ऐकू नका. ते विकणाऱ्याच्या सोयीचे असते.

मंगल कार्यालयाला हे सूत्र लावू नका. ६० बाय १०० च्या हॉलला त्या हिशेबाने १६० इंचांचे, म्हणजे तेरा फुटी झुंबर येईल. तिथे दोन रांगांत मध्यम आकाराची झुंबरे लावावीत. मधली रेघ मोकळी ठेवावी, नाहीतर मागून काढलेल्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या डोक्यावर झुंबर येते. डेकोरेशनवाल्याची कमान आणि कॅमेऱ्याची क्रेन जाईल एवढी उंचीही सोडा.

कुठून घ्यायचे

काचेसाठी फिरोजाबाद, पितळेसाठी मुरादाबाद, तयार मालाच्या घाऊक खरेदीसाठी दिल्लीचे भागीरथ पॅलेस आणि मुंबईची लोहार चाळ. चीनहून येणारा बराच माल ग्वांगदोंग प्रांतातल्या गुचेन या दिव्यांच्या गावातला असतो. घरात एकच झुंबर लावायचे असेल तर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या शोरूममध्ये जाऊन पेटलेले पाहा आणि तिथूनच घ्या. हॉटेलला किंवा कार्यालयाला दहा-वीस नग लागणार असतील तरच थेट कारखानदाराकडे जा. एका कामासाठी स्वतः आयात करण्याच्या भानगडीत पडू नये. नग फुटका आला तर बदलून कोण देणार? आयातदाराकडून पक्क्या बिलावर घ्यावे.

कोटेशन: सगळे इथेच अडते

सुरुवातीच्या काळात मलाही याच टप्प्याने सर्वाधिक छळले. एकाच फोटोवर तीन जणांकडून दर मागवले की एकाचा दर दुसऱ्याच्या दुप्पट येतो. स्वस्तवाला लुटत नाही आणि महागवालाही लुटत नाही, असे दोन्ही खरे असू शकते. कारण तिघे तीन वेगळ्या वस्तूंचे दर देत असतात. म्हणून दर विचारण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी मागा. लेखी देत नसेल त्याला तिथेच सोडा, मग तो कितीही गोड बोलो.

पहिली गोष्ट काच. कोटेशनवर नुसते 'क्रिस्टल' लिहिलेले चालवून घेऊ नका. त्या एका शब्दाखाली लेड क्रिस्टल (शिसे मिसळलेली काच), के-९ (शिसे नसलेली ऑप्टिकल काच), साच्यात दाबलेली साधी काच आणि अ‍ॅक्रिलिकसुद्धा खपते. युरोपात लेड क्रिस्टल म्हणायला निदान २४ टक्के लेड ऑक्साइड लागते. आपल्याकडच्या बहुतेक झुंबरांत के-९ असते आणि चांगले कापलेले के-९ मला पुरेसे वाटते. नमुन्याचे तीन लोलक, म्हणजे झुंबराला लटकणारे काचेचे तुकडे, मागवा. उन्हात धरा, भिंतीवर रंग स्वच्छ फुटले पाहिजेत. मग कडेवरून नख फिरवा. कापून पॉलिश केलेल्या लोलकाची कड धारदार लागते. साच्यातल्याची गोलसर लागते आणि बाजूला जोडाची बारीक रेघ दिसते. अ‍ॅक्रिलिक हातात घेताच कळते, हलके असते आणि काचेसारखे गार लागत नाही. हे लोलक खुणा करून माल येईपर्यंत जपून ठेवा.

दुसरी गोष्ट धातू. 'गोल्ड फिनिश' हे उत्तर नव्हे. आत लोखंड आहे, पितळ आहे की स्टेनलेस स्टील; वर प्लेटिंग आहे, पीव्हीडी (निर्वात यंत्रात चढवलेला पातळ, टिकाऊ थर) आहे की नुसता रंग, हे लिहून घ्या. लोहचुंबक खिशात ठेवा, लोखंड तिथल्या तिथे कळते. छताला चिकटणाऱ्या वाटीची आतली बाजू उलटी करून पाहा, खरा धातू तिथे उघडा असतो. लोलक अडकवायच्या पिनांकडे कुणी बघत नाही. लोखंडी पिना दोन धुण्यांत काळ्या पडतात आणि मग कितीही पुसले तरी झुंबर मळकट दिसते.

तिसरी गोष्ट वजन आणि उंची. मापांचे ड्रॉइंग घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. 'उंची ४ फूट' म्हणजे साखळीसकट की साखळीशिवाय, यावरून मी भांडणे पाहिली आहेत. विजापूर रोडच्या एका बंगल्यात जिन्यासाठी आलेले झुंबर सांगितल्यापेक्षा दीड फूट आखूड निघाले. पुरवठादाराने साखळी धरून उंची सांगितली होती आणि कागदावर काहीच नव्हते. वजन तर आकड्यातच हवे. 'जास्त नाही हो' हे वजन नव्हे.

चौथी गोष्ट वीज, आणि सोलापुरात हिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. लग्नसराईत वीज जाते, जनरेटर सुरू होतो, पुन्हा लाइन येते. या अदलाबदलीच्या झटक्यात आत बसवलेले एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारे डबे, जातात. त्याच जातीचा ड्रायव्हर दोन वर्षांनी मिळत नाही आणि अख्खी कडी अंधारी राहते. माझे ठाम मत आहे की होल्डरवाले, बल्ब बदलता येणारेच झुंबर घ्यावे. डिझाइनसाठी एलईडी पट्टीवालेच हवे असेल तर जास्तीचे ड्रायव्हर आताच घ्या, त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी पाहा आणि सर्किटला सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा झटका अडवणारे उपकरण, लावा. पत्र्याच्या छताचे कार्यालय असेल तर ड्रायव्हर छताजवळ ठेवूच नका. मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडलेली असते, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि कित्येक ड्रायव्हरवर कमाल तापमान ४० किंवा ४५ अंशच छापलेले असते. उजेड ३००० केल्विन (पिवळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९० च्या पुढे; त्याने शालूचा रंग शालूसारखा दिसतो. नमुना पेटवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर नको.

शेवटी खोके, लाकडी पॅकिंग, भाडे, जीएसटी, जोडणारा कारागीर आणि निदान पाच टक्के जास्तीचे लोलक दरात आहेत का, तेही लिहून घ्या. एवढे झाल्यावर तीन दर शेजारी मांडा. आता तुलना करता येते.

हूक, फॉल्स सीलिंगच्या आधी

पंख्याचा हूक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी असतो. त्याला चाळीस किलोचे झुंबर अडकवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला थांबवा. दिव्यांच्या मानकात टांगणीने वजनाच्या चौपट भार तासभर सोसला पाहिजे, अशी चाचणी आहे. मी तीच साइटवर करून घेतो: ५० किलोच्या झुंबरासाठी हुकाला सिमेंटची चार पोती टांगून तासभर ठेवायची, खाली कुणाला उभे राहू द्यायचे नाही. पत्र्याच्या शेडमध्ये भार पत्र्याच्या पट्ट्यांवर टाकू नका, मुख्य कैचीवर घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्या. डबल हाइटला (दोन मजली उंचीच्या हॉलला) झुंबर खाली-वर करणारी मोटरची चरखी लावाच. दरवर्षी पुसण्यासाठी परांची बांधायचा खर्च आणि धोका दोन्ही वाचतो.

आगाऊ रक्कम आणि माल

अर्धी रक्कम आधी, उरलेल्यातली बरीचशी पूर्ण जोडून पेटवलेल्या झुंबराचा व्हिडिओ आल्यावर, आणि दहा टक्के इथे पेटल्यानंतर. कार्यालयाचे उद्घाटन तुळशीच्या लग्नाआधी करायचे असेल तर गणपतीच्या आधी ऑर्डर गेलेली बरी.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) 'ओनर्स रिस्क' लिहिलेले असेल तर फुटीचा भुर्दंड तुमच्यावर येतो, म्हणून ट्रान्झिट विमा काढा. ट्रान्सपोर्टच्या गोदामातच खोकी मोजा, दबलेल्या खोक्याचा शेरा बिल्टीवर मारून घ्या, मग सही करा. खोकी उघडताना सलग व्हिडिओ काढा. लोलक ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहा. रंगकाम आणि फरशी घासणे पूर्ण झाल्याशिवाय झुंबर जोडू नका. पॉलिशची धूळ लोलकांवर बसली की प्रत्येक लोलक काढून धुवावा लागतो. जोडणाऱ्याला सुती हातमोजे द्या. उरलेले लोलक, पिना, ड्रायव्हर आणि ड्रॉइंगची प्रत एका डब्यात भरून मालकाच्या हाती द्या, इलेक्ट्रिशियनच्या नको.